अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांबद्दल फिरणारा तो मेसेज: एकेक दावा तपासून

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या, लोकांबद्दलचा एक मेसेज मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘अमेरिकेत हिस्पॅनिकांचा लोंढा आलाय. सगळे मेक्सिकोतून चोरून घुसलेले. काम करत नाहीत, कर भरत नाहीत, सरकारी मदतीवर जगतात. इंग्रजी शिकत नाहीत. घरटी पाच-सहा मुलं. एकगठ्ठा मतं देतात आणि २०५० पर्यंत तेच बहुसंख्य होणार. सावध व्हा.’

मी न्यू जर्सीत राहते. शेजारी, मुलीच्या वर्गातली मुलं, ऑफिसातले सहकारी यांच्यात ही माणसं आहेत, त्यामुळे असा मेसेज आपल्याच ओळखीच्या कुणीतरी पुढे ढकललेला बघून मला मनापासून वाईट वाटतं. पण वाईट वाटणं म्हणजे उत्तर नव्हे. दर दहा वर्षांनी इथे जनगणना होते, त्याशिवाय दरवर्षी मोठी पाहणी होते. आकडे कुणालाही बघता येतात. म्हणून एकेक दावा घेते.

‘सगळे बाहेरून घुसलेले.’

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंदवलं. एकूण लोकसंख्येच्या हे १८.७ टक्के. त्यानंतर हा आकडा साडेसहा कोटींच्या पुढे गेला आहे. यातले सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले आहेत. प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आकड्यांनुसार ८१ टक्के अमेरिकेचे नागरिक आहेत. उरलेल्या १९ टक्क्यांत ग्रीन कार्डवाले, व्हिसावर आलेले, आश्रय मागितलेले आणि कागदपत्रं नसलेले असे सगळे आले. म्हणजे मेसेजमध्ये ज्यांना ‘सगळे’ म्हटलंय ते प्रत्यक्षात या १९ टक्क्यांतला एक भाग आहेत.

इतिहास तर याहून बोलका आहे. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलं, न्यू मेक्सिकोतलं सांता फे १६१० च्या सुमारास. इंग्रजांची जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची आणि इंग्रज वसाहतकऱ्यांचं मेफ्लॉवर जहाज आलं ते १६२० मध्ये. पुढे १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिको हरला आणि ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा आणि ॲरिझोना-न्यू मेक्सिकोचा बहुतेक भाग अमेरिकेकडे आला. आधीच गेलेलं टेक्सास धरलं तर मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला. त्या मुलखात राहणारे अंदाजे ८० हजार ते १ लाख लोक आपल्या घरातून न हलता परदेशात जाऊन पोचले. त्यांच्या वंशजांना ‘तुम्ही कधी आलात’ असं विचारण्यात काय अर्थ आहे?

पोर्तो रिकोचं तर मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावं. हे बेट १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आलं आणि १९१७ च्या कायद्याने तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. मेक्सिकन मुळाच्या लोकांनंतर हिस्पॅनिकांमधला दुसरा मोठा गट यांचाच, मुख्य भूमीवर ५८ लाखांच्या आसपास. सान हुआनहून न्यूयॉर्कला येणाऱ्या माणसाला व्हिसा लागत नाही, कारण त्याच्यासाठी तो देशांतर्गत प्रवास आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर अशाच पोर्तो रिकोहून आलेल्या आईवडिलांच्या, ब्राँक्समध्ये वाढलेल्या.

‘सगळे मेक्सिकन.’

सुमारे ६० टक्के मेक्सिकन मुळाचे आहेत, हे खरं. बाकीचे ४० टक्के पोर्तो रिको, एल साल्वादोर, डोमिनिकन रिपब्लिक, क्युबा, ग्वातेमाला, कोलंबिया, होंडुरास, व्हेनेझुएला अशा वीसेक ठिकाणचे. आणि त्यांची येण्याची कारणंही एक नाहीत. क्युबातल्या १९५९ च्या क्रांतीनंतर हवानातला शिकलेला, पैसेवाला वर्ग मायामीला आला. त्यांना १९६६ च्या खास कायद्याने कायमच्या वास्तव्याची वाट मोकळी करून दिली. साल्वादोरचे लोक १९८० च्या दशकात यादवी युद्धातून जीव वाचवून आले. मेक्सिकन शेतमजुरांना तर १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकी सरकारने करार करून स्वतः बोलावलं होतं. व्हेनेझुएलाहून आलेल्या प्रौढांमध्ये निम्म्याहून अधिक पदवीधर आहेत, ग्वातेमालाच्या लोकांमध्ये हे प्रमाण दहात एकाच्या आसपास. या दोघांची सरासरी काढून ‘हिस्पॅनिक शिक्षण’ म्हणून जो आकडा येतो, तो दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही.

जनगणनेचा फॉर्म हातात घेतला की हे जास्त स्पष्ट होतं. २०२० च्या फॉर्मवर आठवा प्रश्न होता: ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मुळाची आहे का? उत्तरासाठी चौकोन: नाही, मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन, आणि इतर असल्यास लिहा. लगेच खाली नववा प्रश्न वंशाचा, आणि त्यात हिस्पॅनिक हा पर्यायच नाही. आपल्यासाठी ‘एशियन इंडियन’ असा स्वतंत्र चौकोन आहे. माझ्या शेजारणीने, कोलंबियात जन्मलेल्या बाईंनी, पेन हातात धरून मला विचारलं होतं, ‘मी यात कुठे बसते?’ त्यांच्यासारखा प्रश्न कोट्यवधींना पडला. २०१० मध्ये २ कोटी ६७ लाख हिस्पॅनिकांनी फक्त ‘गोरे’ ही खूण केली होती, २०२० मध्ये ती १ कोटी २६ लाखांनी केली. ४२ टक्क्यांनी ‘इतर वंश’ निवडला, तर एक तृतीयांश लोकांनी एकाहून अधिक वंश. माणसं दहा वर्षांत बदलली नाहीत; प्रश्नांची रचना, उत्तरं नोंदवायची पद्धत आणि स्वतःकडे बघायची नजर बदलली. मार्च २०२४ मध्ये सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करायचं ठरवलं, ते याच गोंधळामुळे. गोव्यातल्या फर्नांडिस-डिसोझांना इथे आडनावावरून सर्रास हिस्पॅनिक समजतात, त्यामुळे गोवेकरांना हा गोंधळ आतून माहीत आहे.

‘चोरून आलेले.’

कागदपत्रं नसलेले लोक आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. प्यूचा २०२३ सालचा अंदाज सर्व देशांचे मिळून १ कोटी ४० लाखांचा आहे आणि त्याआधीच्या दोन वर्षांत ही संख्या झपाट्याने वाढली, हे लपवण्यात काही अर्थ नाही. पण मेक्सिकोपुरतं बोलायचं तर २००७ मध्ये असे ६९ लाख लोक होते, ते २०२२ पर्यंत ४० लाखांवर आले.

आणि त्याच प्यूच्या २०२२ च्या यादीत मेक्सिको आणि एल साल्वादोरनंतर तिसरा देश कुठला? भारत, सुमारे सव्वासात लाख. अमेरिकी सरकारच्या गृहसुरक्षा खात्याचा अंदाज याहून बराच कमी आहे. तरी ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात परत पाठवलेले १०४ भारतीय होते आणि त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्या विमानावरून कुणी साऱ्या भारतीय अमेरिकनांना घुसखोर म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? नाही ना. मग तोच न्याय इतरांनाही लावू या.

एक गोष्ट शाळेच्या पुस्तकांत फारशी येत नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत लाखो मेक्सिकन मुळाच्या लोकांना गाड्यांत बसवून सीमेपार पाठवलं गेलं. त्यातले कितीतरी जन्माने अमेरिकी नागरिक होते. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली.

‘काम करत नाहीत, कर भरत नाहीत, मदतीवर जगतात.’

मेसेजमधला हा सगळ्यात खोटा भाग, आणि सगळ्यात अन्यायाचाही.

सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी किती जण काम करतात किंवा काम शोधतात, याचं २०२३ मधलं देशाचं प्रमाण ६२-६३ टक्के होतं. हिस्पॅनिकांचं सुमारे ६७. बांधकामावरच्या कामगारांत जवळपास एक तृतीयांश हेच. छप्परं घालणं, भिंतींचे बोर्ड बसवणं, कत्तलखाने, कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतली तोडणी, हॉटेलातल्या खोल्यांची साफसफाई, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा: ही कामं कोण करतं हे अमेरिकेत आठवडाभर पाहुणा म्हणून आलेल्यालाही दिसतं.

कराचं जरा नीट सांगते, कारण दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मी आमच्या वाचनालयात विवरणपत्रं भरून देण्याच्या मोफत मदतकेंद्रावर बसते. पगाराच्या पावतीवर दोन वजावटी आधीच झालेल्या असतात: सोशल सिक्युरिटी (म्हातारपणची सरकारी पेन्शन) ६.२ टक्के, मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के. माणसाकडे कागदपत्रं आहेत की नाहीत हे त्या वजावटीला कळत नाही. दुसऱ्याच्या किंवा खोट्या सोशल सिक्युरिटी नंबरावर काम करणाऱ्याचेही पैसे कापले जातात आणि म्हातारपणी त्या पेन्शनवर त्याला हक्क सांगता येत नाही. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्यांच्यासाठी कर खातं नऊ आकडी वेगळा क्रमांक देतं, आयटीआयएन. तो ९ ने सुरू होतो. या क्रमांकाची माणसं आमच्याकडे येतात ती कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारीखवार लावून, बहुतेकदा शाळकरी मुलाला दुभाष्या म्हणून घेऊन. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या हिशेबाने कागदपत्रं नसलेल्या सर्व देशांच्या लोकांनी २०२२ मध्ये जवळपास ९,७०० कोटी डॉलर कर भरला, त्यातले सुमारे २,५७० कोटी सोशल सिक्युरिटीत गेले.

मदतीचं म्हणाल, तर कागदपत्रं नसलेल्यांना केंद्र सरकारची फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी मदत) किंवा नेहमीची मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) मिळत नाही. १९९६ च्या कायद्यानंतर ग्रीन कार्ड असलेल्या बहुतेक प्रौढांनाही अशा योजनांसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. तातडीचे उपचार मिळतात, आणि मुलांना सरकारी शाळेत प्रवेश मिळतो, तो १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. काही राज्यं आपल्या तिजोरीतून थोडं जास्त देतात.

गोऱ्यांच्या तुलनेत हिस्पॅनिक कुटुंबांत फूड स्टॅम्प घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे का? आहे. कारण पगार कमी आहेत. २०२३ मध्ये हिस्पॅनिक कुटुंबाचं मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबं याच्या खाली, निम्मी वर) वर्षाला ६५,५४० डॉलर होतं, देशाचं ८०,६१०. दारिद्र्याचं प्रमाण १६.६ टक्के, देशाचं ११.१. संपत्तीत तर दरी फारच खोल: २०२२ मध्ये हिस्पॅनिक कुटुंबाकडे मध्यक ६१,६०० डॉलर, गोऱ्या कुटुंबाकडे २ लाख ८५ हजार. पण याच दारिद्र्याचं प्रमाण १९९४ मध्ये ३०.७ टक्के होतं. तीस वर्षांत ते जवळपास निम्म्यावर आलं. सोळा ते चोवीस वयातल्या, शाळा पूर्ण न करता बाहेर पडलेल्या मुलांचं प्रमाण २००० मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२ मध्ये ८ वर आलं. आळशी आणि फुकट्या समाजाचे आकडे असे नसतात.

आणि या कामाची किंमत त्यांनी कशी मोजली ते करोनाने दाखवलं. इतकं कमी उत्पन्न, आरोग्य विमा नसलेल्यांचं प्रमाण देशाच्या दुपटीहून जास्त, तरीही २०१९ मध्ये हिस्पॅनिकांचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, गोऱ्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक. याचं कोडं आरोग्यशास्त्राचे अभ्यासक १९८० च्या दशकापासून सोडवत आहेत. धूम्रपान कमी असणं आणि स्थलांतर करणारे मुळात धडधाकट असणं ही त्यातली दोन कारणं. २०२० च्या एका वर्षात हे आयुर्मान चार वर्षांनी घसरलं. मांस कारखाना, शेत, किराणा दुकान, रुग्णालयाची फरशी, यातलं काहीच घरी बसून करता येत नव्हतं. घरात तीन पिढ्या एकत्र, आणि कामावर न गेलं तर पगार नाही. २०२३ पर्यंत आयुर्मान परत ८१ च्या वर आलं, पण गेलेली माणसं गेली.

‘इंग्रजी शिकत नाहीत.’

पाच वर्षांवरच्या हिस्पॅनिकांपैकी ७२ टक्क्यांना इंग्रजी चांगलं येतं, अमेरिकेत जन्मलेल्यांपैकी ९१ टक्क्यांना. घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांचं प्रमाण २००० मधल्या ७८ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६८ वर आलं. इथल्या मराठी घरांना जी काळजी आहे, तीच त्यांना आहे: नातवंडं आजीशी कुठल्या भाषेत बोलतील?

‘एकगठ्ठा मतं.’

प्यूच्या पडताळणीनुसार २०१६ मध्ये ट्रम्प यांना हिस्पॅनिकांची २८ टक्के मतं मिळाली, २०२० मध्ये ३६ आणि २०२४ मध्ये ४८. टेक्सासात रिओ ग्रांदे नदीकाठी स्टार काउंटी (जिल्हा) आहे, तिथले ९७ टक्के लोक हिस्पॅनिक. २०१६ मध्ये तिने हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मतं दिली आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांना निवडलं. १८९२ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवार पहिल्यांदाच जिंकला. मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ क्युबन मुळाचे रिपब्लिकन, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ पोर्तो रिकन मुळाच्या डेमोक्रॅट. एवढं झपाट्याने सरकणारं मत गठ्ठा कसं म्हणायचं?

‘घरटी पाच-सहा मुलं, २०५० पर्यंत बहुसंख्य.’

२००० च्या दशकात हिस्पॅनिक स्त्रियांचा जननदर, म्हणजे एका स्त्रीला होणारी सरासरी मुलं, तीनच्या जवळ होता. आता तो दोनच्या आसपास आहे, म्हणजे लोकसंख्या टिकायला लागणाऱ्या २.१ च्या खाली. हा समाज तरुण आहे, मध्यक वय तीसच्या आसपास, म्हणून जन्म जास्त दिसतात.

२०५० हे साल कुठून आलं तेही सांगते. या शतकाच्या मध्याला हिस्पॅनिक नसलेले गोरे निम्म्याच्या खाली येतील, असा जनगणना खात्याचा अंदाज आहे. मेसेज लिहिणाऱ्याने त्याचा अर्थ ‘हिस्पॅनिक निम्म्याच्या वर जातील’ असा लावला. त्याच खात्याच्या २०२३ च्या अंदाजात हिस्पॅनिकांचा वाटा २०६० मध्ये २६.९ टक्के आहे. एक चतुर्थांशाहून थोडा जास्त. त्या वेळी निम्म्याहून जास्त असा कुठलाच गट नसेल.

शिवाय त्या २६.९ टक्क्यांत कोण मोडणार, हे आजच ठरलेलं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या हिस्पॅनिकांपैकी २०१५ मध्ये लग्न केलेल्या ३९ टक्क्यांचा जोडीदार हिस्पॅनिक नव्हता. आणि ज्यांचे पूर्वज हिस्पॅनिक होते, त्यांच्यात पहिल्या पिढीतले ९७ टक्के स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतात, तिसऱ्या पिढीतले ७७ आणि चौथ्या पिढीपासून पुढे फक्त निम्मे.