पन्नास रुपये वाचवण्याची सोपी पद्धत

घरात पोळ्यांचा डबा घ्यायचा आहे असं कोणी नुसतं म्हणालं, तर उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन येऊ नका. तिथे तो पाचशेला आहे. शिवाय दुकानदार ओळखीचा, म्हणजे भाव करायची चोरी. अशा खरेदीत काय राम? राम तुळशीबागेत आहे. पेशवाईत पुण्याची सुभेदारी सांभाळलेल्या नारो आप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं त्याचं देऊळ अजून तिथेच आहे, फक्त टिकल्या, परकर, भातुकली आणि चहाच्या गाळण्या यांतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचावं लागतं.

एकटं मात्र जाऊ नका. एकट्या माणसाला दुकानदार फसवतात, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. निदान पाच जण हवेत. २०२४ पासून मंडईपर्यंत मेट्रो झाली आहे, तेव्हा वनाजला बसा, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला आणि डबा मिळायच्या आधीच तो कुठे ठेवायचा यावरून भांडून घ्या. वर आलात की समोर १८८६ साली उघडलेली मंडईची दगडी इमारत दिसेल. तिथल्या भाजीवाल्या मावशींशी भाव करण्याच्या फंदात नवख्यांनी पडू नये. त्या कोथिंबिरीची जुडी हातातून काढून घेतात आणि वर आपल्या आईबापांचीही चौकशी करतात.

पाच जणांत आई हवीच. काका हवेत, कारण ते फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घालून येतात. प्रत्येक डब्याला ते लावून बघतात, चिकटलं नाही की ‘अस्सल आहे’ म्हणून मान डोलावतात. आता, भांड्यांसाठी चांगलं म्हणतात ते ३०४ नंबरचं स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्तातल्या २०२ लाही ते चिकटत नाही. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो ‘लावा, लावा, खुशाल लावून बघा’ म्हणतो. काकांना यातलं काही सांगू नका. अख्ख्या दिवसात त्यांना तेवढाच एक आनंद आहे.

नवऱ्याला दुकानापासून पंधरा पावलं लांब उभं करा. ‘घेऊन टाक ना, पन्नास रुपयांनी काय होतंय’ हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निसटेल याचा नेम नसतो, आणि दुकानदाराचे कान तेवढ्यासाठीच असतात.

आता मुख्य काम. डबा हातात घ्या. झाकण उघडा, आत वास घ्या (रिकाम्या डब्यात कसला वास, ते मला विचारू नका, आई घेते), बुडावर नखाने टिचकी मारा आणि आत कोणीतरी अत्यवस्थ असल्यासारखा चेहरा करा. मग डबा खाली ठेवून, दुसरीकडेच बघत विचारा.

“केवढ्याला?”

“साडेसहाशे.”

“काहीतरीच काय! रविवार पेठेत तीनशेला मिळतो.”

“मग तिथूनच घ्या ना मावशी. मलाही दोन आणा.”

इथे खचायचं नाही. ‘चला गं’ म्हणायचं आणि निघायचं. साधारण सातव्या पावलाला हाक येते. नुसतं ‘अहो ताई’ आलं तर वळू नका, तो तुमचा अंदाज घेतोय. आकडा जोडून येते ती हाक खरी. हाक आलीच नाही, तर लगेच शेजारच्या पथारीपाशी थांबून काहीतरी निरखून बघायला लागा, म्हणजे आपण गेलेलोही नाही आणि थांबलेलोही नाही. पण नुसतं किती वेळ बघणार? पथारीवाल्याची तरी बोहनी नको का? अशा खोट्या निघून जाण्यातून आमच्या घरात आजवर केसांच्या पिनांची अकरा पाकिटं, तीन सोलाणी, बाळकृष्णाचा एक मुकुट (आमच्याकडे बाळकृष्ण नाही) आणि भातुकलीतला पितळी बंब आलेला आहे.

तासाभराने डबा साडेचारशेला तुटतो. पैसे देताना ‘नाव घालून द्या, त्याचे वेगळे देणार नाही’ हे ठणकावून सांगा. मशीन किर्र करायला लागण्याआधी नाव कोणाचं घालायचं यावर घरातल्यांचं एकमत व्हायला हवं. ते होत नाही. आमच्या डब्यावर आईचं नाव, खाली तारीख आणि दुकानदाराला ‘थांबा, थांबा’ म्हणेपर्यंत उमटलेला काकांच्या नावाचा ‘श्री’ एवढं आहे.

मग मिसळ खा. इतके पैसे वाचवल्यावर पाच प्लेटी होऊन जाऊ देत, वर मुलांना आइस्क्रीम. प्लॅस्टिकच्या पिशव्या २०१८ पासून बंद आहेत आणि घरातल्या चौदा कापडी पिशव्या घरातच आहेत, तेव्हा पंधरावी विकत घ्या. परतीच्या मेट्रोत नवरा मोबाइलवर बेरीज करायला लागेल. त्याचा मोबाइल काढून घ्या.

शेवटचा नियम मात्र कधी चुकवू नका. घरी आल्यावर कोणीतरी ‘केवढ्याला पडला?’ असं विचारतंच. खऱ्या आकड्यातून शंभर वजा करून सांगायचं. साडेचारशे सांगितले तर समोरचा ‘बरा आहे’ एवढंच म्हणतो, आणि आपण काय ‘बरा आहे’ ऐकायला दिवसभर पाय तोडले? मी वहिनींना साडेतीनशे सांगितले. त्यांचे डोळे विस्फारले. “काय सांगतेस! मग मलाही दोन आण ना,” म्हणाल्या आणि तिथल्या तिथे मोबाइलवरून सातशे पाठवूनही मोकळ्या झाल्या.

वरचे दोनशे माझेच जाणार होते, त्यामुळे घरात कोणाला न सांगता पुढच्या बुधवारी दुपारी एकटीच गेले. गल्लीत शुकशुकाट होता. त्याने मला ओळखलं नाही. मी डबा हातात घेतला, अजून वासही घेतला नव्हता.

“चारशेला आहे ताई,” तो म्हणाला. “नाव काय घालू?”