‘कॉटवर गादीच नव्हती’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या टेंट कॅम्पवर राहायला येऊन तुमची आणि मॅडमची रात्र कुडकुडत गेली, याचं खरंच वाईट वाटलं. त्याबद्दल माफी मागतो. ब्लँकेट पातळ वाटली, हे तुमचं म्हणणंही ऐकून घेतलं आहे, त्याचं बघतो.

पण ‘कॉटवर गादीच नव्हती, नुसत्या कापडावर झोपवलं’ हे जे तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला राहवलं नाही. काल बुकिंगसाठी एका ताईंचा फोन आला. तारीख, माणसं किती, काही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कॉटवर गादी असते का?” थंडीचा सीझन छोटा असतो सर, आणि त्यावरच आमचं वर्ष निघतं. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या टेंटमध्ये दोन कॉट होत्या, म्हणजे चौकटीवर कापड ताणलेल्या खाटा. दोन्हींवर फोमची जाड मॅट अंथरलेली होती. राखाडी रंगाची, एका बाजूने चंदेरी. तुम्ही सामान ठेवलंत तेव्हा मी स्वतः दारात उभा होतो आणि सांगितलं होतं, “ही मॅट काढू नका, थंडी खालून लागते.” सकाळी त्यातली एक मॅट शेकोटीपाशी ओंडक्याला टेकवलेली सापडली. चंदेरी बाजूवर दवाचे थेंब उभे होते आणि कोपऱ्याला ठिणगीने पडलेलं बोटाएवढं भोक होतं. रात्री शेकोटीजवळ बसायला ती कोणी नेली, हे मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. भोकाचे पैसेही मागितले नाहीत. पाहुण्यांनी निवांत बसावं म्हणूनच शेकोटी असते. फक्त मॅट दिलीच नाही असं म्हणू नका.

आता कॉटच्या थंडीबद्दल. हे मी तुमच्यासाठी लिहितो आहे, तसंच हा रिव्ह्यू वाचून कॉटला घाबरणाऱ्यांसाठीही. कॉटवर माणूस जमिनीपासून वर असतो, त्यामुळे ओल लागत नाही, खडे टोचत नाहीत, उठताना गुडघ्यांना बरं पडतं. पण खालून हवा खेळती राहते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याला जसा दोन्हीकडून वारा लागतो, तसं अंगाचं होतं. वरून तुम्ही कितीही पांघरा, पाठीची ऊब खालून निघून जाते. स्लीपिंग बॅगचाही पाठीखाली फारसा उपयोग होत नाही, कारण अंगाखाली तिचं आतलं भरण दाबलं जातं आणि ऊब धरून ठेवणारी हवा त्यात उरत नाही. फुललेली बॅगच उबदार असते, दाबलेली नाही.

बॅगेच्या लेबलवर जे तापमान छापलेलं असतं, त्याची चाचणी बॅगेत माणसाच्या आकाराचा तापवलेला बाहुला ठेवून घेतात, आणि त्या बाहुल्याखाली मॅट घातलेली असते. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी अशीच होते. म्हणजे मॅट नसेल, तर त्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही. त्यातही लेबलवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन वेगळे आकडे असतात. लिमिटचा आकडा म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र काढता येईल असं तापमान. आरामात झोपायचं असेल तर कम्फर्टचा आकडा बघावा लागतो. बऱ्याच जणांची इथेच गल्लत होते आणि बोल कॉटला लागतो.

मॅटचंही तसंच. मॅट ऊब किती अडवते हे सांगणारा ‘आर-व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो. नुसत्या हवेच्या गादीचा हा आकडा साधारण १ असतो, कारण आतली हवाच थंड होऊन फिरत राहते. साध्या फोम मॅटचा २ च्या आसपास येतो. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. म्हणून आमच्याकडे जादा मॅट असतात, आणि कोणी मागितली तर आम्ही पैसे घेत नाही. तुमच्याकडे दोन-दोन ब्लँकेट होती. त्यातलं एक अंगाखाली घातलं असतं, तरी बराच फरक पडला असता. रात्री ते सुचत नाही हे मला कळतं, थंडी वाजली की माणूस अजून वरून पांघरतो.

शेगडीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही लिहिलंत की निखाऱ्यांची शेगडी टेंटमध्ये मागितली तेव्हा आमच्या मुलाने ‘उद्धटपणे तोंडावर नकार दिला’. त्याचा आवाज चढला असेल तर मी त्याला समज देईन. पण नकार त्याने बरोबर दिला, आणि पुढच्या पाहुण्यालाही तो हाच नकार देईल. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि सकाळी तो उठत नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणून हा धोका टळत नाही. स्टोव्ह असो, शेगडी असो, बंद टेंटमध्ये काहीही पेटवायचं नाही. त्या रात्री तुम्ही आमच्यावर चिडलात, ते चालेल. तुम्ही दोघं धडधाकट घरी गेलात, मला तेवढं पुरे आहे.

त्याच मुलाने तुम्हाला गरम पाण्याची बाटली आणून दिली होती, कापडात गुंडाळून. ती पायाशी ठेवली तर बॅग आतून तासन्‌तास उबदार राहते. रिव्ह्यूमध्ये तिचा उल्लेख दिसला नाही. हे त्यालाही लागलं आहे.

‘टेंट आतून गळत होता’ हेही आहे. त्या रात्री पाऊस नव्हता. आभाळ स्वच्छ होतं, आणि अशाच रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, पहाटे सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात कडाक्याची थंडी पडते. टेंटच्या दोन्ही खिडक्या तुम्ही घट्ट बंद केल्या होत्या. मग श्वासातली वाफ थंड कापडावर जमून तिचे थेंब होतात आणि खाली पडतात. बॅग तोंडावर ओढून आतच श्वास घेतला तरी हेच होतं, बॅग दमट होते आणि जास्त थंडी वाजते. नाक बाहेर, डोक्याला टोपी, अंगात कोरडे कपडे. शेकोटीपाशी घातलेले दमट कपडे झोपताना बदलायला हवेत. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, पण त्या दिवशी तुम्ही प्रवासाने दमलेले होतात, ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसाल.

यापुढे मॅट कॉटला बांधून ठेवायची काहीतरी सोय करतो आहोत. सूचनांचा एक फलकही टेंटमध्ये लावायचा विचार आहे. ब्लँकेटचं वर म्हटलंच.

तुम्हाला आमच्याकडे झोप लागली नाही, त्यासाठी तुम्ही दोन तारे दिलेत. ते तसेच राहू द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्या मोबाइलमध्ये शेकोटीचे फोटो असतील, ते एकदा नीट बघा. कोणाच्या तरी खाली ती राखाडी मॅट दिसेल. दिसली, तर गादी नव्हती हे एक वाक्य तेवढं काढून टाका. आज संध्याकाळी त्या ताई परत फोन करणार आहेत.

आपला,
कॅम्पचालक