गेटवरचा कोच

पळणारे लोक तिला ‘भिंत’ म्हणतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत येतं आणि पाय सांगतात, आता तुझं तू बघ. माझी भिंत मात्र पलंगाला लागूनच आहे. पहाटे सव्वाचारला अलार्म वाजला की पहिली तीच लागते.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. पैसे भरून झालेत, ऑफिसात आणि सासुरवाडीला सांगून झालंय, म्हणजे परतीचे दोर कापलेले. अंतर ४२.१९५ किलोमीटर. हे विचित्र अंतर म्हणजे १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकची देणगी. शर्यत विंडसर कॅसलपासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. १९२१ मध्ये तेच माप कायम झालं. तेव्हा त्यांच्या खुर्च्या कुठे होत्या, यावर मी ठाण्यात किती लंगडायचं ते ठरतं!

हुरूप टिकावा म्हणून सगळं करून पाहिलं. महागडे बूट घेतले. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरलो. तिथे रोज पहाटे पाचला उगवता सूर्य आणि सुविचार येतो. मी तो आठला उठून वाचतो.

मला खरं पळवलं ते आमच्या वॉचमनमामांनी. मामा माण तालुक्यातले.

“आमच्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकात फायनलला पळाली,” पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं. “दहावी आली. तुमी कितवं येनार?”

मी म्हटलं, “मामा, मी फक्त पूर्ण करणार.”

“मंग घाई कशाला? दुपारी जावा की.”

तरी त्यांनी गेटवरच्या रजिस्टरात माझी नोंद सुरू केली. बाहेर ४.४५, आत ६.१०, ‘काम’च्या रकान्यात ‘पळणे’. कुरिअरवाला, गॅसवाला, मी. आता अर्ध्यातून परतायची सोय राहिली नाही. लवकर आलो की मामा घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारत, “काय इसरलं का?”

येऊरचा चढ चढताना मी देवाचं नाव घेत नाही, त्या रजिस्टराचं घेतो. उपवन तलावाजवळची कुत्री आधी मागे लागायची. माझा वेग पाहून त्यांनी नाद सोडला. हा अपमान कुणाला सांगायचा?

ऑक्टोबरात एकदा अगदीच जिवावर आलं. उपवनच्या काठावर बसून दोन कटिंग घेतले, तास घालवला, नळाखाली शर्ट भिजवला आणि धापा टाकत गेटात शिरलो. मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“शर्ट वला, कपाळ कोरडं,” ते म्हणाले. “आन दूधवाला आत्ताच सांगून गेला.”

दुसऱ्या दिवशी रजिस्टर पाहिलं. काम: ‘चहा’. त्याखाली सोसायटीच्या सेक्रेटरींची सही.

त्यानंतर मी मुकाट पळत राहिलो. दर रविवारी अंतर वाढत गेलं, चौदा, अठरा, बावीस. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. बायकोनं ते केरात टाकलं आणि म्हणाली, “तुझं वजन कमी झालं बाई एकदाचं.”

डिसेंबरात बत्तीस किलोमीटरचा रविवार आला. सगळ्या तयारीतला हा सर्वांत लांबचा पल्ला, त्यानंतर हळूहळू कमीच करत जायचं असतं. पहाटे पावणेपाचला निघालो तो नऊ वाजून गेल्यावर गेटाशी आलो. शेवटचे दोन किलोमीटर मला एका आजोबांनी मागे टाकलं, आणि ते भाजी घेऊन निघाले होते.

“बत्तीस,” मी मामांना एवढंच म्हणालो.

मामा उठले. आपली खुर्ची त्यांनी मला दिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! मी बसलो, आणि गुडघ्यांनी तिथेच संप पुकारला. उठता येईना. मामांनी दोन मिनिटं वाट पाहिली, रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि इंटरकॉमवर आमच्या घरचा नंबर फिरवला.

“वैनी, तुमचं पार्सल आलंय खाली. जड हाय, दोघं जनं या.”