रडणे थांबले म्हणजे मूल रुळले असे नव्हे

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच राहतो: मुलाला फाटकाशी सोडा आणि मागे वळून न पाहता निघा, आठ दिवस रडेल, मग आपोआप गप्प होईल, 'तुला कसे वाटते' असे विचारत बसाल तर मूल हळवे होईल, एवढ्याशा जिवाला ताण कसला आलाय, आम्हीही असेच वाढलो, आणि भावना सांभाळणे हे घराचे काम आहे, शाळेचे नव्हे. हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण मुलांचे भलेच चिंतत असतात आणि त्यातला एक सल्ला अर्धा खराही आहे. तरीही त्यातले एकेक विधान तपासून घ्यायला हवे, कारण ते चुकीचे ठरले तर त्याचा त्रास ज्यांना आपले म्हणणे धड सांगताही येत नाही अशा मुलांना होतो.

सर्वांत मोठी गफलत 'आपोआप गप्प होईल' या शब्दांत आहे. मूल गप्प होते हे खरे, पण ते कशामुळे गप्प झाले हा प्रश्न संदेश विचारतच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आजारी मुलांना भेटायला आईवडिलांना फार थोडा वेळ दिला जाई, कारण ते येऊन गेले की मूल रडते आणि आले नाहीत तर शांत राहते, असा तिथला अनुभव होता. तिथले मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले तेव्हा त्यांना दिसले की मूल आधी आकांत करते, मग निराश होऊन मलूल पडते आणि शेवटी अलिप्त होते. कर्मचारी ज्याला 'रुळणे' समजत होते ती अनेकदा ही तिसरी अवस्था असे. त्या अवस्थेतले मूल आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवी. रुग्णालयातल्या मुलांच्या देखभालीवरच्या १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने भेटीच्या वेळांवरचे निर्बंध काढण्याची शिफारस केली, त्यामागे या निरीक्षणांचा मोठा वाटा होता. शाळेतले काही तास म्हणजे रुग्णालयातले आठवडे नव्हेत आणि मी दोन्हींची बरोबरी करत नाही. मूल शांत आहे एवढ्यावरून ते सुखात आहे असे ठरत नाही, इतकेच मला म्हणायचे आहे.

हीच गोष्ट पुढे मोजमापांतूनही दिसली. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रसिद्ध प्रयोगपद्धतीत साधारण वर्षभराच्या बाळाला अनोळखी खोलीत थोडा वेळ सोडून आई बाहेर जाते. काही बाळे त्या वेळी मुळीच रडत नाहीत, खेळण्यांत रमल्यासारखी दिसतात. पण नंतरच्या अभ्यासांत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा तेही वाढलेलेच आढळले. बर्लिनमध्ये लीझेलोटे आनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळणाघरात नुकत्याच जाऊ लागलेल्या, सव्वा वर्षाच्या आसपासच्या मुलांमधले कॉर्टिसोल मोजले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे हे संप्रेरक आई निघून गेल्यानंतरच्या तासाभरात घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वाढले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला अधिक मोलाची वाटणारी नोंद वेगळीच आहे: आईशी ज्यांचे नाते सुरक्षित होते तीच मुले तिच्या जाण्यानंतर जास्त रडली. ही मुले शाळेच्या वयाची नव्हती हे ध्यानात ठेवूनही एवढे म्हणता येते की रडणाऱ्या मुलाला कमकुवत ठरवण्याची घाई करू नये. ज्याला आपला आधार माहीत आहे, तेच मूल तो मोठ्याने मागते.

मग मूल खरोखर रुळले हे ओळखायचे कसे? वर्गात बसताना दप्तर खांद्यावरून उतरवायला तयार नसलेले, डबा न उघडताच परत आणणारे, शिक्षकांनी काही विचारले की नुसती मान डोलावणारे आणि लघवीला जायचे आहे हेही न सांगता तसेच बसून राहणारे मूल कुणालाच त्रास देत नाही, म्हणून ते 'छान रुळले' असे कळवले जाते. याउलट, सकाळी फाटकाशी रडलेले मूल थोड्या वेळाने शिक्षकांचा हात धरून उठते, शेजारच्याने खडू हिसकावला म्हणून त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाते आणि समजूत काढून घेते. माझ्या मते दुसरे मूल पहिल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे, कारण त्याला त्या इमारतीत आपले गाऱ्हाणे ऐकणारे माणूस सापडले आहे.

'मागे वळून न पाहता निघा' हा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. निरोप लांबवणे, दहा वेळा परत येऊन मिठी मारणे, स्वतःचे डोळे भरून येऊ देणे, यातून मुलाला एवढेच समजते की ही जागा आईवडिलांनाही धोक्याची वाटते. रडते म्हणून रोज घरी परत नेणेही तितकेच घातक, कारण जे टाळले जाते त्याची भीती टाळण्यानेच वाढत जाते. पण निरोप थोडक्यात घेणे वेगळे आणि नजर चुकवून पळ काढणे वेगळे. न सांगता गेलेले माणूस पुन्हा केव्हाही नाहीसे होऊ शकते, हा धडा मूल एका दिवसात शिकते आणि मग घरीसुद्धा पदर सोडत नाही. कुठे जात आहोत आणि परत केव्हा येणार हे मुलाला समजेल अशा काळात सांगावे, म्हणजे 'गोष्ट संपली, खेळून झाले की मी फाटकाशी असेन', आणि त्या वेळेला तिथे असावेच. पहिल्या आठवड्यात ही वेळ चुकणे आईवडिलांना किरकोळ वाटते, मुलाला वाटत नाही. जर्मनीतल्या बालवाड्यांत रूढ असलेल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक मुलासोबतच बसतात आणि पहिला छोटा विरह सर्वसाधारणपणे चौथ्या दिवशी अजमावला जातो. तिथे कसोटी मूल रडते की नाही ही नसून, रडल्यावर ते नव्या माणसाकडून शांत होते की नाही ही असते. प्रत्येक शाळेला इतका सावकाश क्रम जमणार नाही, पण ती कसोटी कुठेही लावता येते.

भावनांविषयी बोलल्याने मूल हळवे होते, या विधानाला आधार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात प्रौढांना भीती किंवा राग दाखवणारे चेहरे दाखवले, तेव्हा त्या भावनेला नाव दिल्यावर धोक्याची जाणीव हाताळणाऱ्या मेंदूच्या भागाची हालचाल कमी झाली. मुलांच्या बाबतीत रोजचा अनुभवही याच दिशेचा आहे: 'नवीन वर्गाची धास्ती वाटतेय ना' एवढे म्हटल्यावर मूल हलके होते. मात्र बोलणे म्हणजे उलटतपासणी नव्हे. 'आज रडलास का, कुणी मारले का, बाई ओरडल्या का' असे दारातच विचारत सुटलो तर चिंता आपणच मुलाच्या हाती देतो. खाणेपिणे होऊ द्यावे, शेजारी बसून काहीतरी करत राहावे. सांगायचे ते मूल मध्येच, भलत्याच गोष्टीच्या ओघात सांगून टाकते.

'एवढ्याशा जिवाला ताण कसला' असे म्हणणाऱ्यांनी सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी दुखू लागणारे पोट आठवावे. ते सोंग नसते; चिंता शरीरातून बोलते आणि दुखणे खरेच जाणवते. त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे, पण तपासणीत काही निघाले नाही म्हणून मुलाला खोटारडे ठरवू नये. हे फक्त लहानग्यांचे नाही. माध्यमिक शाळेत पाऊल टाकणारी मुले रडत नाहीत, ती खोलीचे दार लावून घेतात, चिडतात, जुन्या मित्रांची नावे घेणे बंद करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात जणांमागे एकाला मानसिक आरोग्याचा विकार असतो. शाळेचे नाव काढताच कासावीस होणे, झोप आणि भूक उडणे, शाळा टाळण्यासाठी रोज झगडणे हे काही आठवडे उलटूनही कमी झाले नाही तर समुपदेशकाची किंवा बालमानसतज्ज्ञाची मदत घ्यावी, आणि मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलले तर एक दिवसही थांबू नये. झोपेचे तेवढे आधीच जमवता येते: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोपेची गरज असते आणि सुट्टीत बिघडलेली वेळ शाळेच्या आदल्या रात्री एकदम ताळ्यावर येत नाही.

'आम्हीही असेच वाढलो' हे तर जे निभावले त्यांचे म्हणणे. ज्यांनी शाळा मध्येच सोडली, ज्यांना आजही वर्गात हात वर करण्याच्या आठवणीने घाम फुटतो, ते असे संदेश लिहीत नाहीत.

राहता राहिला शाळेच्या कामाचा प्रश्न. धास्तावलेले मूल ऐकते, पण ऐकलेले धरून ठेवू शकत नाही, कारण त्याचे लक्ष दाराकडे आणि घड्याळाकडे असते. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत मुलाला नावाने हाक मारणे, त्याची बसायची जागा ठरवून देणे, स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवणे, सुट्टी होईपर्यंत काय काय होणार ते सांगणे हे शिकवण्यापूर्वीचे शिकवणेच आहे. एका शिक्षकाकडे वर्गभर मुले असताना प्रत्येकाला असा वेळ देणे अवघड आहे, ही तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर शाळेच्या व्यवस्थापनाने द्यायचे आहे: पहिले काही दिवस कमी तासांचे आणि लहान गटांचे ठेवावेत, अभ्यासक्रम वेळेत उरकण्याचा लकडा तेवढे दिवस शिक्षकांमागे लावू नये, आणि फाटकाशी मुलाला ताब्यात घेणारी व्यक्ती रोज तीच असेल हे पाहावे.