बेनामी बंदुका

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेक्सिकोवरून वाद पेटला. एका मित्राचे म्हणणे असे होते की, मेक्सिकोतून अमेरिकेत अमली पदार्थ येतात, त्यामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने तिथल्या टोळ्यांना दहशतवादी संघटना ठरवले ते योग्यच झाले, आणि मेक्सिकोने आधी आपले अंगण झाडावे. मी एवढेच विचारले की या टोळ्यांच्या हातातल्या रायफली कुठून येतात. त्यावर ‘आता बंदूकबंदीचे पुराण लावू नकोस’ असे उत्तर आले आणि चर्चा क्रिकेटकडे वळली. तिथे जे राहून गेले ते इथे लिहितो आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बंदुकीचे मला वावडे नाही. सिंधुदुर्गात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. माकडांना आणि रानडुकरांना घालवण्यापलीकडे तिचा उपयोग झाल्याचे मला आठवत नाही. निवडणूक जाहीर झाली की ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची, हा शिरस्ता होता, आणि त्यात आपल्या हक्कावर कोणी घाला घालते आहे असे आजोबांना कधी वाटले नाही. पुढे टेक्सासमध्ये राहायला आल्यावर ज्यांच्या घराजवळ पोलीस पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागतो अशी माणसे भेटली. त्यांनी घरात बंदूक ठेवण्यात मला काही वावगे वाटत नाही. अमेरिकी राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती 1791 सालची आहे, आणि बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तो हक्क मी मान्य करूनच पुढे जातो, कारण माझा मुद्दा बंदूक कोणाकडे असावी हा नसून ती विकताना कोणी काय पाहायचे, हा आहे.

2019 मध्ये एका मराठी सहकाऱ्याबरोबर मी बंदुकांच्या दुकानात गेलो होतो. तो एच-वन-बी व्हिसावर होता. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेण्यास कायद्याने एरवी मनाई आहे, पण शिकारीचा परवाना असेल तर ती मनाई उठते. म्हणून ज्याने आयुष्यात डासापलीकडे काही मारलेले नाही अशा या गृहस्थाने रीतसर शिकारीचा परवाना काढला होता. काउंटरवर त्याच्यासमोर 4473 क्रमांकाचा फॉर्म आला. त्यातल्या प्रश्नावलीत अगदी आरंभी विचारलेले असते की, या बंदुकीचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात ना. आणि दुसऱ्याच्या वतीने घेत असाल तर ही विक्री होणार नाही, अशी ताकीद खाली छापलेली असते. त्याने ‘होय’वर खूण केली. काही मिनिटांत त्याच्या नावावर गुन्हा नसल्याचा निरोप आला, आणि आम्ही रायफलचे खोके गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला गेलो. त्याचे ‘होय’ खरे होते. पण ते खरे आहे हे पाहण्याचे कोणतेही साधन त्या दुकानदाराकडे नव्हते, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याची गाठ याच एका खुणेपाशी आहे.

आपल्याकडे जमिनीचा बेनामी व्यवहार म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही: पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे. अमेरिकेतून मेक्सिकोत जाणाऱ्या बंदुकांचा व्यवहार बहुतांशी असाच चालतो. ज्याच्यावर कधी गुन्हा नोंदला गेलेला नाही असा माणूस पुढे करायचा, त्याच्या हातात रोख रक्कम आणि वर काही डॉलर बक्षिसी ठेवायची, आणि त्याने दुकानातून दोन-चार रायफली आणून द्यायच्या. मेक्सिकोत या धंद्याला ‘मुंगी तस्करी’ म्हणतात. जहाज नाही, कंटेनर नाही. गाडीच्या दारांच्या पोकळीत, सुट्या टायरात, जुन्या कपाटांच्या आणि धुलाईयंत्रांच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन करत माल दक्षिणेकडे सरकतो. ‘बकऱ्याचे शिंग’ हे तिथले एके-47 चे बोलीतले नाव, तिच्या वाकड्या मॅगझिनवरून पडलेले.

हे किती उघड्यावर चालू शकते याचा पुरावा खुद्द अमेरिकी सरकारनेच तयार करून ठेवला आहे. 2009 ते 2011 या काळात अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये एटीएफ या बंदुकांच्या व्यवहारावर लक्ष ठेवणाऱ्या संघीय यंत्रणेने ‘फास्ट अँड फ्युरियस’ नावाची मोहीम राबवली. बेनामी खरेदीदारांना लगेच पकडायचे नाही, बंदुका पुढे जाऊ द्यायच्या आणि त्यांच्या मागावरून टोळीच्या म्होरक्यांपर्यंत पोहोचायचे, अशी कल्पना होती. जवळजवळ 2,000 बंदुका अशा निघून गेल्या. एकट्या एका माणसाने, जो सरकारी अन्नसाहाय्यावर जगत होता, सातशेच्या आसपास बंदुका खरेदी केल्या. म्होरके हाती लागले नाहीत. डिसेंबर 2010 मध्ये सीमा पोलीस दलाचा ब्रायन टेरी हा जवान अ‍ॅरिझोनात चकमकीत मारला गेला, आणि घटनास्थळी सापडलेल्या दोन रायफली याच मोहिमेत डोळ्यांदेखत सोडून दिलेल्यांपैकी निघाल्या. त्यावरून अमेरिकेत जो गदारोळ झाला तो योग्यच होता. 2012 मध्ये महान्यायवादी एरिक होल्डर यांच्यावर संसदेच्या अवमानाचा ठपका आला. परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न हरवला. सरकार पाहत होते म्हणून या 2,000 बंदुका मोजल्या तरी गेल्या. ज्या कोणीच पाहत नव्हते त्यांचे काय?

सीमेपलीकडे सापडलेल्या बंदुकीचा माग काढण्याची पद्धत मी प्रथम वाचली तेव्हा मला ते खरे वाटेना. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवण्यास बंदी आहे. त्यामुळे क्रमांकावरून माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग येथील एटीएफच्या केंद्राचे कर्मचारी आधी कारखान्याला फोन करतात, कारखाना वितरकाचे नाव सांगतो, वितरक दुकानाचे, आणि दुकानदार आपल्या कपाटातून तो फॉर्म शोधून काढतो. दुकान बंद झालेले असेल तर त्याचे सगळे कागद खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गला आलेले असतात. तिथे खोक्यांची इतकी गर्दी झाली की काही काळ ती आवारातल्या कंटेनरांत ठेवावी लागली. या कागदांची छायाचित्रे संगणकावर घेतली जातात, पण नाव टाकून शोधता येईल अशी सोय त्यात ठेवलेली नाही. चित्रामागून चित्र सरकवत माणसाने डोळ्यांनी पाहायचे. एवढे करून हाती लागते ते पहिल्या खरेदीदाराचे नाव. सातबाऱ्यावर निदान फेरफाराची नोंद तरी होते. इथे बंदूक दुसऱ्या हाती गेली की कागद संपला. हे सारे सरकारी आळशीपणातून घडलेले नाही. सरकारला हे कळू नये, अशी तरतूद विचारपूर्वक कायद्यात केलेली आहे.

आता मेक्सिकोकडे पाहा. तिथेही घरात बंदूक ठेवण्याचा हक्क राज्यघटनेच्या दहाव्या कलमात आहे, हे अनेकांना माहीत नसते. पण बंदूक कायदेशीरपणे विकत घ्यायची तर ती लष्कराच्याच दुकानातून. वर्षानुवर्षे असे एकच दुकान राजधानीत, लष्करी आवारात होते; नंतर मॉन्टेरेजवळ आणखी एक निघाले. नोकरीचा दाखला, गुन्हा नसल्याचा दाखला, लष्करी सेवेचे कागद आणि कित्येक महिन्यांची प्रतीक्षा, तेव्हा कुठे एक पिस्तूल मिळते. टेक्सासमध्ये मात्र अठरा वर्षांच्या मुलालाही रायफल मिळते. पिस्तुलासाठी दुकानात वयाची अट एकवीस आहे, रायफलला ती अठराच आहे, हा विनोद मला अजून उलगडलेला नाही.

आणि रायफल कोणती? टेनेसीत तयार होणारी .50 कॅलिबरची बॅरेट घ्या. दीड किलोमीटरपलीकडचे लक्ष्य टिपणारे, चिलखती गाडी भेदण्यासाठी बनवलेले हे हत्यार कॅलिफोर्नियाने बंद केले आहे; टेक्सासमध्ये ते साध्या रायफलीच्याच फॉर्मवर मिळते. 17 ऑक्टोबर 2019 रोजी कुलियाकान शहरात सैनिकांनी सिनालोआ टोळीचा म्होरक्या एल चापो याचा मुलगा ओविडिओ गुझमान याला पकडले, तेव्हा काही तासांत टोळीने असली हत्यारे ट्रकांवर चढवून शहराची नाकेबंदी केली, आणि अखेर राष्ट्राध्यक्षांना त्याला सोडून द्यावे लागले. जून 2020 मध्ये मेक्सिको सिटीचे पोलीसप्रमुख ओमार गार्सिया हार्फुच यांच्या गाडीवर भर वस्तीत याच जातीच्या रायफलीने हल्ला झाला. ते जखमी होऊन वाचले; त्यांचे दोन अंगरक्षक आणि रस्त्याने जाणारी एक स्त्री मारली गेली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे, आणि त्यातले बरेच खरे आहे. मेक्सिकोत सापडणाऱ्या बंदुकांपैकी सत्तर टक्के अमेरिकेतल्या असतात, असे सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे. ज्या बंदुका माग काढण्यासाठी पाठवल्या जातात त्यांच्यातले हे प्रमाण आहे, आणि मेक्सिको सगळ्याच बंदुका पाठवत नाही. हातबॉम्ब आणि रॉकेट लाँचर टेक्सासच्या दुकानात मिळत नाहीत. 2015 मध्ये हालिस्को टोळीने लष्कराचे हेलिकॉप्टर पाडले ते रॉकेट लाँचरने. सप्टेंबर 2014 मध्ये इगुआला इथे 43 विद्यार्थी नाहीसे झाले, त्या रात्री पोलिसांच्या हातात जर्मनीच्या रायफली होत्या, ज्या इगुआला ज्या राज्यात आहे तिथे जायलाच नको होत्या, आणि त्या विक्रीबद्दल जर्मन न्यायालयाने 2019 मध्ये कंपनीला दंड ठोठावला. आणि अंगण झाडण्याबद्दल म्हणाल, तर मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी 2012 मध्ये हुआरेस शहरात सीमेलगत एक प्रचंड फलक उभारला होता, जप्त केलेल्या बंदुका चिरडून केलेल्या अक्षरांचा, ‘आणखी शस्त्रे नकोत’ अशा अर्थाचा, अमेरिकेला वाचता यावा म्हणून इंग्रजीत. त्याच काल्देरोन यांचे सुरक्षामंत्री खेनारो गार्सिया लुना सिनालोआ टोळीची लाच घेत होते, हे 2023 मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात सिद्ध झाले आणि त्यांना अडतीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. माझ्या मित्राचा राग पूर्णपणे अनाठायी नाही.

मेक्सिकोने 2021 मध्ये अमेरिकी बंदूक कंपन्यांवर बोस्टनमध्ये दावा लावला, तेव्हा मला फार उत्साह वाटला होता. त्यात कोल्ट कंपनीच्या खास पिस्तुलांचा उल्लेख होता. एकाचे नाव ‘सुपर एल हेफे’, म्हणजे थोर साहेब. दुसऱ्यावर क्रांतिवीर एमिलियानो झापाता कोरलेला, सोबत ‘गुडघ्यांवर जगण्यापेक्षा उभ्याने मेलेले बरे’ हे वचन. 2017 मध्ये चिवावा शहरात मिरोस्लावा ब्रीच या पत्रकार महिलेची तिच्या घरासमोर हत्या झाली ती अशाच झापाता पिस्तुलाने, असे मेक्सिकोचे म्हणणे होते. पण 5 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावा एकमताने फेटाळला. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती एलेना केगन यांनी, ज्यांना बंदूकवाल्यांच्या गोटातले कोणी म्हणणार नाही. 2005 च्या कायद्याने बंदूक उत्पादकांना अशा दाव्यांपासून संरक्षण आहे. त्याला अपवाद करायचा तर कंपनीने गुन्ह्याला जाणूनबुजून हातभार लावल्याचे दाखवावे लागते, आणि काही दुकानदार गैरव्यवहार करतात हे ठाऊक असूनही वितरकांना माल देत राहणे म्हणजे असा हातभार नव्हे, असे त्यांनी म्हटले. स्पॅनिश नावाची पिस्तुले कायदा पाळणाऱ्या लाखो हिस्पॅनिक अमेरिकनांनाही आवडू शकतात, हेही त्यात आहे. तो निकाल मी दोनदा वाचला. कायदा आहे तसा धरला तर निकाल बरोबर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागले. दोष 2005 च्या कायद्यात आहे.

म्हणून माझे म्हणणे दुकानापाशी येऊन थांबते. एकच माणूस आठवड्याला त्याच जातीच्या पाच रायफली रोख पैसे मोजून नेत असेल, तर काउंटरवरच्या माणसाला ते दिसतेच. पाच दिवसांत दोन किंवा अधिक रायफली विकल्यास कळवण्याचा नियम 2011 पासून केवळ सीमेलगतच्या चार राज्यांना आहे. बाकी देशात का नसावा? बेनामी खरेदी हा संघीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा ठरला तो थेट 2022 मध्ये. तोपर्यंत ती केवळ फॉर्मवर खोटे लिहिल्याची बाब होती. आता पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे चांगलेच झाले, पण शिक्षा होते ती नाव देणाऱ्याला, बहुधा कर्जात बुडालेल्या एखाद्या पोराला. अ‍ॅरिझोनातल्या पाच दुकानांवर मेक्सिकोने 2022 मध्ये वेगळा दावा लावला आहे. मला आशा आहे ती त्याची. या मागण्यांतली एकही कोणाच्या घरातली बंदूक काढून घेत नाही.

टेक्सासमधल्या एल पासोहून सीमेपलीकडच्या हुआरेसला मी एकदा पुलावरून पायी गेलो आहे. दाराशी काही नाणी टाकली, फिरता दांडा ढकलला आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. जाताना अमेरिकेच्या बाजूला माझी पिशवी कोणी उघडून पाहिली नाही. पलीकडे मोटारींसाठी एक दिवा आहे, तो लाल लागला तर तपासणी, हिरवा लागला तर पुढे चला. परत येताना त्याच पुलावर दीड तास उन्हात उभा होतो.

माझा तो सहकारी 2023 मध्ये पुण्याला परतला. सामान आवरताना त्याने रायफल विकायला काढली. टेक्सासमध्ये खासगी विक्रीला ना फॉर्म लागतो ना चौकशी. एका मॉलच्या पार्किंगमध्ये एक सभ्य दिसणारा तरुण आला, त्याने नोटा मोजून दिल्या, आणि खोके घेऊन तो गेला. नाव काय होते, असे मी नंतर विचारले, तर त्याला आठवत नव्हते. दुकानातल्या फॉर्मवर अजून त्याचेच नाव आहे.