एक सी राहिला होता

सक्सेसफुल्ली हा शब्द इंग्रजीत लिहायचा तर सी, एस आणि एल तिन्ही जोडीने येतात, आता एवढी जोडपी एकाच शब्दात नांदायची म्हटल्यावर कुणीतरी गळणारच. माझा एक सी गळला. चार वर्षांपूर्वी एका रविवारी बसून मी एक छोटंसं कमांड लाइन टूल लिहिलं होतं, त्याला दोन कॉन्फिग फायली, म्हणजे सेटिंग्जच्या याद्या, द्यायच्या आणि ते सांगतं की कुठलं सेटिंग हिच्यात आहे नि तिच्यात नाही, बास. 214 ओळी. सगळं जुळलं की शेवटी एक वाक्य छापायचं, तपासणी सक्सेसफुल्ली पूर्ण झाली, एका सीवालं. चार वर्षं ते वाक्य मीच बघत होतो आणि मला ते बरोबरच वाटायचं, मग एका संध्याकाळी अचानक दिसलं आणि त्यानंतर दुसरं काही दिसेचना.

म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

अक्षर टाकलं, सेव्ह केलं, कमिट केलं, चाळीस सेकंद पण लागले नसतील. आता फक्त रिलीज, म्हणजे नवं व्हर्जन लोकांसाठी चढवणं. रिलीज म्हणजे बटण दाबणं असं ज्यांना वाटतं त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. आधी व्हर्जनचा नंबर ठरवा. त्याचा नियम तसा सोपा आहे, तीन आकडे असतात, कुणाचं काही मोडेल असा बदल केला तर पहिला वाढवायचा, नवीन काही दिलं तर मधला, नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा, म्हणजे माझं 1.4.2 चं 1.4.3. पण हा नंबर माझ्याकडे तीन ठिकाणी लिहिलेला आहे आणि दर वेळी मी दोनच ठिकाणी बदलतो. राहिलेलं ठिकाण दर वेळी वेगळं असतं, म्हणजे निदान पक्षपात तरी नाही.

पुश केलं आणि सीआय, म्हणजे दर बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणारं यंत्र, लाल झालं. आता या कोडला दोन वर्षं कुणी बोट लावलं नव्हतं, मग मोडलं कसं? तर माझं टूल ज्या भाषेत आहे त्या पायथॉनसोबत पूर्वी डिस्टयुटिल्स नावाचं एक मॉड्यूल आपोआप यायचं, त्यातलं एक फंक्शन मी वापरलं होतं, कुणी यस लिहा, ट्रू लिहा, ऑन लिहा, ते त्याचं हो-नाही करून द्यायचं. 2023 मध्ये पायथॉन 3.12 आलं त्यात ते अख्खं मॉड्यूलच काढून टाकलंय. बरं, गुपचूप काढलं असंही नाही, 3.10 पासून सांगत होते की बाबा हे जाणार आहे. टेस्ट चालवल्या की तो इशारा यायचा, मी तो शेजारच्यांच्या भांडणासारखा ऐकून सोडून द्यायचो. मग सहा ओळी स्वतः लिहिल्या, आणि हातासरशी त्या वाक्याच्या पुढे एक टिकमार्क पण टाकली, छान दिसेल म्हणून.

हातासरशी हा शब्द मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणाऱ्या, लोकांच्या शब्दकोशातून काढून टाकायला पाहिजे.

लिनक्सवर हिरवं, मॅकवर हिरवं, विंडोजवर लाल. तिथे आउटपुट पाइपमधून जाताना जुनं एन्कोडिंग लागलं, त्यात 256 च्या आसपास अक्षरं मावतात आणि त्यात माझी टिकमार्क नाही, त्यामुळे सगळं नीट जुळलं असेल तर आणि तरच प्रोग्राम कोसळणार अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. फायलींमध्ये गडबड असेल तर मात्र बिनधास्त चालत होता! टिकमार्क काढली.

रात्रीचे साडेबारा. अपलोड करायला गेलो तर पासवर्ड चालेना, कारण 2024 च्या सुरुवातीपासून पायपीआयवर, म्हणजे पायथॉनची पॅकेजं जिथे ठेवतात तिथे, दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं आहे. आहे ते योग्यच आहे, तक्रार नाही, पण कोड यायचा फोनवर आणि फोन चार्जिंगला आईच्या खोलीत. चवड्यांवर चालत गेलो तरी जाग आलीच तिला.

"एवढ्या रात्री? ऑफिसचं आहे का रे?"

"नाही गं, माझंच आहे."

"मग उद्या कर की."

याला उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये. फोन घेऊन आलो.

1.4.3 चढलं. आणि चढल्यावर, म्हणजे बघा, चढवल्यावर, मला सुचलं की एकदा कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करून बघावं. केलं. चालवलं. तर म्हणे डीफॉल्ट नियमांची फाइल सापडत नाही. ती फाइल माझ्या फोल्डरमध्ये होती, पॅकेजमध्ये गेलीच नव्हती, आणि टेस्ट सगळ्या पास कारण टेस्ट माझ्याच फोल्डरमध्ये उभ्या राहून चालतात, त्यांना सगळं घरात हाताशी मिळतं. आधी ती जायची, या वेळी का नाही गेली? तर नंबर बदलताना मी पॅकेजिंगची एक जुनाट दिसणारी ओळ पण साफ केली होती. हो, हातासरशीच.

आता तुम्ही म्हणाल डिलीट कर आणि त्याच नंबराने परत चढव. तसं होत नाही, एकदा वापरलेलं फाइलचं नाव पायपीआय परत घेत नाही, डिलीट केलं तरी नाही. आणि हे बरोबर आहे, नाहीतर काल घेतलेलं 1.4.3 आणि आज घेतलेलं 1.4.3 वेगळं निघालं तर माणसाने विश्वास कशावर ठेवायचा. काढून टाकण्याची पण भीतीच असते. जावास्क्रिप्टवाल्यांकडे 2016 च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, जेमतेम 11 ओळींचं, शब्दाच्या डावीकडे जागा भरायचं काम, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली जगभरातली बिल्ड्स धडाधड आपटली होती. माझ्यामुळे जग आपटण्याची शक्यता कमी, डाउनलोडचे आकडे दिसतात त्यातले बरेच मिरर आणि बॉट असतात, उरलेल्यात सीआय, आणि मग मी. तरी 1.4.3 ला फक्त यँकचा, म्हणजे असू दे पण नवीन कुणी घेऊ नका असा, शिक्का मारला आणि पुढे निघालो.

1.4.4. फाइल आहे, चालतंय, झोपतो म्हणून उठलो आणि शेवटचं एकदा चालवलं तर स्क्रीनवर वरतीच आलं, "आलो रे इथे". ती फाइल शोधताना मी टाकलेला प्रिंट. जगातला कुणीतरी माणूस आपल्या सर्व्हरवर हे टूल चालवणार आणि त्याला मराठीत कुणीतरी सांगणार, आलो रे इथे. खरं सांगतो, क्षणभर वाटलं राहू द्यावं.

1.4.5, पावणेतीन वाजता. चेंजलॉगमध्ये तिन्ही व्हर्जनांसमोर एकच लिहिलं, किरकोळ सुधारणा.

सकाळी उठलो तर इश्यू, म्हणजे तक्रार, आलेला. चार वर्षांत आलेला एकूण सहावा, आधीच्या पाचांत एकाने विचारलं होतं हे रस्ट भाषेत का नाही लिहिलं आणि दोन तर मीच उघडले होते. हा मात्र गंभीर होता. कालच्या अपडेटपासून आमचं रात्रीचं डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं, थांबतंय, तुमचं टूल पास झालं की नाही हे आमची स्क्रिप्ट शेवटच्या वाक्यावरून ओळखते, आणि तुम्ही त्या वाक्याचं स्पेलिंग बदललंय. नियम तर मी पाळला होता, नुसती दुरुस्ती होती म्हणून शेवटचा आकडा वाढवला होता. पण ते एका सीवालं स्पेलिंग त्यांनी जसंच्या तसं ग्रेप केलं होतं, म्हणजे आउटपुटमध्ये तेच शोधत होते.

पहिल्यांदा मी चिडलोच. अरे भल्या माणसा, एक्झिट कोड नावाची गोष्ट असते, प्रोग्राम संपताना एक आकडा देतो, शून्य आला की पास, दुसरं काही आलं की नापास, ती सोडून वाक्यं कसली वाचत बसता? असं सगळं टाइप केलं, अगदी सभ्य भाषेत, आणि पाठवायच्या आधी सहज कोड बघितला. माझं टूल पास झालं तरी शून्य देतं आणि नापास झालं तरी शून्यच देतं. त्या बिचाऱ्याकडे वाक्य वाचण्याशिवाय दुसरा इलाजच नव्हता. टाइप केलेलं पुसलं. बाकी लायसन्समध्ये कॅपिटल अक्षरांत लिहिलंय की हे जसं आहे तसं, कसलीही हमी नाही, पण ते काही त्यांच्या तोंडावर फेकवेना.

माझ्यापेक्षा फार मोठ्या लोकांचं पण असंच झालंय, त्यामुळे जरा बरं वाटलं. ब्राउझर कुठल्या पानावरून आला हे सांगणाऱ्या एचटीटीपी हेडरमध्ये रेफररचा एक आर राहिला, 1996 च्या आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, तसाच छापला गेला, आणि आज प्रत्येक ब्राउझर तेच चुकीचं स्पेलिंग पाठवतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, फाइल बनवणाऱ्या क्रिएटला शेवटचा ई नाही, परत युनिक्स लिहायला मिळालं तर काय बदलाल असं विचारल्यावर त्याचे एक निर्माते केन थॉम्पसन म्हणाले होते की तो ई टाकेन. आणि मेकफाइलमधला तो छळवादी टॅब, जिथे ओळीच्या सुरुवातीला स्पेस चालत नाही, टॅबच लागतो? 1976 मध्ये बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमननी प्रोग्राम बिल्ड करायचं मेक हे टूल लिहिलं, टॅबची अडचण त्यांना लवकरच कळली होती, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांचं कशाला मोडा म्हणून राहू दिलं. डझनभर! माझा तर एकच आहे, पण त्याचं रात्रीचं डिप्लॉय आहे.

1.4.6 मध्ये सी परत काढला. एक्झिट कोड नीट करायचा तर ते कुणाचं तरी मोडणारच, म्हणजे सरळ 2.0.0, त्याला आत्ता अंगात त्राण नाही. त्या ओळीवर मोठी कमेंट लिहिली की हे स्पेलिंग चुकीचं आहे हे मला माहीत आहे, कृपया हात लावू नका, आणि शिवाय एक टेस्ट टाकली, कुणी सी वाढवलाच तर सीआय लाल होईल अशी.

पंधरा दिवसांनी एका अनोळखी सज्जनाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, आली. टूल फार आवडलं, छोटीशी मदत म्हणून स्पेलिंग दुरुस्त केलंय, एक टेस्ट त्यामुळे फेल होत होती पण तिच्यातही तीच चूक होती, म्हणून तीही दुरुस्त केली आहे, आणि एक जुनी कमेंट हातासरशी काढून टाकली. सीआय पहिल्या झटक्यात हिरवं, तिन्हीकडे.