निकालाच्या रात्री लाइन बदलायची नाही

मध्यंतरी एका रात्री पावणेबाराला भाचीचा मेसेज आला. "मावशी, जागी आहेस?" अशा वेळी असा मेसेज आला की समजायचं, निकाल लागलाय.

पुढच्याच मिनिटाला स्क्रीनशॉट. एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची 10 पैकी सरासरी, 5.4, दोन विषय राहिलेले. खाली एवढंच: "माझी लाइनच चुकली गं. आईबाबांना काय सांगू?"

मी लिहिलं, आईबाबांना आहे ते सांग, उद्या सकाळीच सांग. आणि लाइनचं आपण पंधरा दिवसांनी बोलू. ती वैतागली. म्हणाली, "तुला नाही कळणार, तू हुशार होतीस."

हुशार! दुसऱ्या वर्षाला फिजिकल केमिस्ट्रीत मला 100 पैकी 31 होते. पास व्हायला 40 लागायचे. घरी अकरा दिवस सांगितलं नव्हतं. रोज कॉलेजला जायचे, रोज परत यायचे, आणि "निकाल कधी गं?" असं कुणी विचारलं की "लागेल इतक्यात" म्हणायचे. त्या अकरा दिवसांत मी मनातल्या मनात तीन वेळा लाइन बदलली. एकदा इतिहास, एकदा पत्रकारिता, एकदा नुसतंच "काहीही, पण हे नको". यातल्या एकाही विषयाचा अभ्यासक्रम उघडून बघितला नव्हता. मला इतिहास शिकायचा नव्हताच, मला त्या 31 पासून लांब पळायचं होतं.

कमी मार्क का पडले हा एक प्रश्न. ही पदवी आपली आहे का हा दुसरा. निकालाच्या रात्री दोन्ही एकमेकांत असे गुंततात की पहिल्याचं उत्तर म्हणून आपण दुसऱ्याचा निकाल लावून टाकतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला कुठे मिळालं ते सांगते. एका सरांनी मला उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला लावली. मला ती नकोच होती. स्वतःचा अपघात पुन्हा बघायला कोण जातं? पण मागवली, आणि बाकावर बसून पान पान उलटलं.

पहिल्या दोन पानांवर अक्षर मोत्यासारखं. व्याख्या, व्याख्येखाली पट्टीने रेघ. चार मार्कांच्या प्रश्नाला अडीच पानं. शेवटच्या पानांवर अक्षर धावत सुटलेलं, पाचव्या प्रश्नाचा नुसता आकडा लिहिलेला आणि पुढे कोरं. आणि मधे मुक्त ऊर्जेचं गणित, म्हणजे अभिक्रिया आपणहून होईल की नाही हे उत्तराच्या चिन्हावरून सांगणारं. सूत्र बरोबर, तापमान 27. म्हणजे सेल्सिअस. हवं होतं केल्विन, 300. त्यामुळे माझ्या उत्तराचं चिन्हच उलटं झालं होतं. जी अभिक्रिया आपणहून व्हायला हवी, ती "होणार नाही" असं मी ठामपणे लिहिलं होतं, शिवाय खाली दोन रेघा मारून. हीच चूक आणखी दोन गणितांत. तपासणाऱ्याने तिसऱ्या ठिकाणी नुसता एक लाल गोल केला होता. तेही बिचारे कंटाळले असतील.

अकरा दिवस मी "मला थर्मोडायनॅमिक्स (उष्णता आणि ऊर्जेचा तो भाग) झेपत नाही" असं म्हणत होते. कागदावर दिसत होतं ते वेगळंच: हिला वेळेचं भान नाही, हिने एकही गणित घड्याळ लावून सोडवलेलं नाही, आणि ही एककं बघत नाही. त्यातली एन्ट्रॉपीची अवघड कल्पना मला पूर्ण कळली होती असं नाही म्हणणार मी. पण 31 चं कारण ती नव्हती.

म्हणून कुणी "मार्क कमी पडले" म्हणून सांगायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो, पेपर बघितलास का? झेरॉक्स मिळत नसेल तर शिकवणाऱ्यांना भेटून विचारायचं की मार्क नेमके कुठे गेले. लाज वाटते, मान्य. दहा मिनिटांची असते.

अभ्यास करूनही मार्क पडत नाहीत, ही तक्रारही पुष्कळदा खरी असते. आपण अभ्यास म्हणतो ते असतं वाचन. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना 42. त्यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्रीही जास्त होती. परीक्षेच्या आदल्या रात्री "सगळं झालंय" वाटतं आणि हॉलमध्ये पान कोरं राहतं, ते यामुळे. पुस्तक ओळखीचं झालेलं असतं, आणि त्यालाच आपण "येतं" असं समजतो. माझ्या नोट्स तर तीन रंगांच्या हायलायटरने नटलेल्या होत्या. दिसायला सुरेख.

आता हिशेब. एक सेमिस्टर बुडलं म्हणजे सगळं बुडालं असं वाटतं, तेव्हा कागद घेऊन बसावं. समजा आठ सेमिस्टर आहेत आणि सगळ्यांचे क्रेडिट, म्हणजे सरासरीतलं वजन, सारखे. पहिल्या तीनमध्ये 5.8, 5.4 आणि 6.0 पडले. सरासरी 5.73. उरलेल्या पाचांत प्रत्येकी 7.5 काढले तर शेवटचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, 6.84 होतो. म्हणजे 8 च्या वर जायचं स्वप्न जवळपास गेलं, हेही तोच कागद सांगतो. पण 6.84 आणि "संपलं सगळं" यात बरंच अंतर आहे. शिवाय क्रेडिट सारखे नसतात. चार क्रेडिटचा विषय आणि एक क्रेडिटचं प्रॅक्टिकल यांना समान रडण्यात अर्थ नाही.

अशा वेळी "मार्कांना काही किंमत नसते" म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. दोन-चार अब्जाधीशांची नावं घ्यायची, त्यांनी कॉलेज सोडलं म्हणायचं, झालं. किंमत असते हो. पुढच्या प्रवेशाला लागतात, पहिल्या नोकरीच्या चाळणीत लागतात. ज्याचे गेलेत त्याला ते माहीत असतं, म्हणून हे सांत्वन त्याला खोटं वाटतं. खरं सांगायचं तर ही किंमत पहिल्या नोकरीनंतर झपाट्याने उतरते. मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी मार्कशीट मागितलेली नाही.

राहिला दुसरा प्रश्न. ही पदवी आपली आहे का?

याचं उत्तर मार्कांत नाही असं मी ठामपणे म्हणते, कारण आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी पदवी झाल्यावर रसायनशास्त्र सोडून भाषांतराकडे गेली, आणि 31 वाली मी अजून प्रयोगशाळेत आहे. तिला सगळं यायचं. तिला त्यात काडीचा रस नव्हता, आणि मार्क चांगले म्हणून तिला कधी कुणी विचारलंच नाही. तिची अडचण माझ्याहून अवघड होती, असं आता वाटतं.

मी काय केलं, तर एका ओळखीच्या सिनियरला गाठलं. ती क्वालिटी कंट्रोलमध्ये होती. "तू दिवसभर नेमकं काय करतेस?" तिने सांगितलं ते ऐकून कुणालाही झोप येईल. नमुने घ्यायचे, उपकरणं धुवायची, नोंदी करायच्या, आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. ऐकताना मला मात्र टायट्रेशन आठवत होतं, द्रावणाची तीव्रता मोजायचा तो प्रयोग. ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब सोडत राहायचं, फ्लास्क हलवत राहायचा, आणि एका थेंबाला ते पाणी हलकंसं गुलाबी होऊन तसंच राहतं. आणखी एक थेंब पडला की गडद होतं, मग गेलं, करा परत. बाकीच्यांना ते जीवघेणं वाटायचं. मला त्यातला वेळ कधी गेला कळायचं नाही.

तेव्हा "तुला काय आवडतं?" या प्रश्नावर माझा फारसा विश्वास नाही. आवडतं तर सगळ्यांनाच काही ना काही. एखाद्या कामातला कंटाळवाणा भाग आपल्याला सोसवतो का, हे बघावं. त्या क्षेत्रातल्या दोन-तीन माणसांचा साधा मंगळवार कसा जातो ते विचारावं. सुट्टीत काही दिवस ते काम जवळून बघता आलं तर फारच उत्तम.

आणि बघून झाल्यावर वाटलं की नाहीच जमणार, तर सोडावं. "दोन वर्षं घातली" हे तिथेच राहायचं कारण होऊ शकत नाही. 1985 साली आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी नाटकांच्या हंगामाची तिकिटं काढणाऱ्यांवर एक प्रयोग केला. काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिलं, काहींना अचानक सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं बघितली. नाटकं तीच होती. पैसे गेलेत म्हणून माणसं खुर्चीत जाऊन बसतात, आणि पदवीचंही असंच होतं. फक्त सोडण्याआधी पुढे कुठे जाणार ते ठाऊक असावं, आत्तापर्यंतचे किती क्रेडिट तिथे चालतील ते विचारून ठेवावं.

एक गोष्ट मात्र पंधरा दिवस थांबवायची नाही. जेवण नको, झोप नाही, उठावंसं वाटत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जगूच नये असं मनात येत असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी उठवा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. भाचीलाही मी त्या रात्री आधी हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "तसं नाही गं मावशी, फक्त रडू येतंय." मग म्हटलं, रड आणि झोप.

तिनेही झेरॉक्स मागवली. काल दुपारी मेसेज आला:

"मावशी, एका पेपरात मी चौथा प्रश्न बघितलाच नव्हता. प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला होता."

मी हसण्याचे चार इमोजी पाठवले. थोड्या वेळाने पुन्हा:

"पण कोडिंग मला खरंच आवडत नाहीये. ते वेगळं."

मी लिहिलं, रविवारी ये, निवांत बोलू.